हक्का लोकांची स्थलांतरे : आधी प्रवास, मग नाव

चीनच्या नैऋत्येकडील सिचुआन प्रांतात, छंगदू शहराच्या पूर्वेला, लुओदाई नावाचे एक जुने बाजारगाव आहे. तेथील पुष्कळ कुटुंबे घरात हक्का ही चिनी बोली बोलतात. परंतु पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी आपल्या बोलीला ‘हक्का’ म्हटले नाही, तर ‘इथली ग्वांगदोंगी’ म्हटले, कारण त्यांचे पूर्वज सुमारे तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेकडील ग्वांगदोंग प्रांतातून येथे आले होते. गावात 1746 साली बांधलेली ग्वांगदोंगकरांची जुनी वास्तू आजही उभी आहे. ग्वांगशी प्रांतात हीच बोली ‘माकाय बोली’ या नावाने ओळखली गेली, कारण ‘काय’ या अर्थाचा तिच्यातील शब्द शेजाऱ्यांच्या कानांना वेगळा वाटला. एकाच बोलीला, एकाच लोकसमूहाला ठिकठिकाणी अशी निरनिराळी नावे का पडली, हा प्रश्न लहान दिसतो. पण हक्का लोकांचा इतिहास समजून घेण्यासाठी सर्वांत उपयोगी प्रश्न हाच आहे, असे मला वाटते.

आधी शब्द पाहू. ‘हाक’ म्हणजे पाहुणा किंवा बाहेरून आलेला, आणि ‘का’ म्हणजे घर किंवा कुटुंब. मँडरिनमध्ये हीच दोन अक्षरे ‘खज्या’ अशी वाचली जातात. ‘पाहुणी घरे’ हे नाव कोणताही समाज स्वतःहून स्वतःला देणार नाही. ते आधीपासून वसलेल्या लोकांनीच दिलेले असणार. चिनी कागदपत्रांत पाहुणा या अक्षराचा वापर त्याहून जुना आहे. सुंग राजवटीच्या काळातील (960 ते 1279) जमाबंदीच्या नोंदींत ‘यजमान घरे’ आणि ‘पाहुणी घरे’ असे दोन वर्ग असत. पहिल्यांच्या नावावर जमीन असे, दुसऱ्यांच्या नसे. आपल्याकडील जुन्या दप्तरांत मिरासदार आणि उपरी असा भेद दिसतो, त्याच्याशी हा भेद बराच जुळतो. उपरी म्हणजे गावात कसणारा, पण गावचा वतनी हक्क नसलेला. उपरी ही काही जात किंवा भाषा नव्हती, आणि सुंग काळातील ‘पाहुणे घर’ हेही कोणत्या वंशाचे नाव नव्हते. म्हणून त्या नोंदींत पाहुणा हे अक्षर दिसले की तेथे हक्का लोक होते, असा निष्कर्ष काढता येत नाही. या एका गफलतीमुळे हक्का इतिहासाविषयी बरेच गैरसमज पसरले आहेत.

आता सर्वांत प्रसिद्ध मांडणीकडे वळू. लुओ श्यांगलिन हे ग्वांगदोंगमधील शिंगनिंग येथील हक्का अभ्यासक. त्यांनी 1933 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हक्कांच्या पाच स्थलांतरांचा आराखडा मांडला, आणि आज बहुतेक ठिकाणी तोच सांगितला जातो. पहिले स्थलांतर चौथ्या शतकातले. 311 साली उत्तरेकडील लुओयांग ही राजधानी स्तेपीकडून आलेल्या टोळ्यांच्या हाती पडली, तेथील जिन राजघराणे यांगत्से नदीच्या दक्षिणेस गेले, आणि पीत नदीच्या खोऱ्यातील अनेक घराणी त्याच्या मागोमाग निघाली. दुसरे स्थलांतर नवव्या शतकाच्या अखेरीस, ह्वांग छाओच्या बंडाने तांग साम्राज्य खिळखिळे झाले तेव्हाचे. या वेळी लोक ज्यांगशीच्या दक्षिण भागात आणि फुज्यानच्या पश्चिम डोंगरांत शिरले. तिसरे 1127 नंतरचे. त्या वर्षी जुर्चेन सैन्याने काइफंग घेऊन सुंग दरबाराला दक्षिणेत ढकलले, पुढे मंगोल आले, आणि 1279 साली ग्वांगदोंगच्या किनाऱ्यावर याशान येथील सागरी लढाईत सुंग घराणे संपले. या दीड शतकात हे लोक आणखी दक्षिणेकडे, ग्वांगदोंगमधील आजच्या मेइजौ परिसरात पोहोचले. चौथे सतराव्या शतकापासूनचे, डोंगरांतून किनाऱ्याकडे, सिचुआनकडे आणि तैवानकडे झालेले. पाचवे 1867 नंतरचे, दक्षिण चीनच्या कोपऱ्यांत आणि समुद्रापार गेलेले.

हा आराखडा लक्षात ठेवायला सोपा आहे आणि त्यातील राजकीय घटना खऱ्या आहेत. अडचण वेगळीच आहे. त्या घटनांमुळे दक्षिणेकडे गेलेले लोक म्हणजे हक्काच, हे कशावरून ठरवायचे? चौथ्या शतकात लुओयांग सोडणाऱ्यांचे वंशज आज यांगत्सेच्या मुखापासून कँटनपर्यंत सर्वत्र आहेत. कँटनी बोलणारे आणि दक्षिण फुज्यानचे लोकही आपले मूळ उत्तरेतच सांगतात. पाच लाटांपैकी पहिल्या तीन मुख्यतः घराण्यांच्या वंशावळींवर उभ्या आहेत, आणि या वंशावळी बहुतांशी मिंग व चिंग काळात, म्हणजे त्या घटनांनंतर कित्येक शतकांनी, लिहिल्या गेल्या. उत्तरेतील सरदार किंवा मंत्री मूळपुरुष म्हणून दाखवणे ही त्या काळी घराण्याची प्रतिष्ठा वाढवण्याची मान्य रीत होती. वंशावळी खोट्याच असतात, असे नाही; अलीकडच्या दहाबारा पिढ्यांसाठी त्या बहुमोल असतात. त्यापलीकडच्या पिढ्यांसाठी मात्र त्या काय घडले यापेक्षा लोकांना काय आठवायचे होते ते अधिक सांगतात.

त्या आठवणींचे केंद्र म्हणजे पश्चिम फुज्यानमधील निंगह्वा परगण्यातले शीबी हे गाव. असंख्य हक्का वंशावळींत ‘पूर्वज शीबीत थांबले आणि तेथून पुढे पांगले’ असे वाक्य येते. शीबीशी जोडलेली एक लोककथा हक्का मुलांना आजही सांगतात. ह्वांग छाओच्या सैन्याच्या भीतीने पळणारी एक बाई मोठ्या मुलाला पाठीवर घेऊन, धाकट्याला चालवत निघाली होती. वाटेत भेटलेल्या ह्वांग छाओने तिला याचे कारण विचारले. तो कोण आहे हे तिला ठाऊक नव्हते. ती म्हणाली की मोठा मुलगा पुतण्या आहे, त्याचे आईबाप गेले आणि त्या शाखेत तो एकटाच उरला, म्हणून काही झाले तरी त्याला जपायचे. धाकटा माझा स्वतःचा. हे ऐकून ह्वांग छाओने तिला घरी परत जाऊन दारावर कुडझूचा वेल टांगायला सांगितले आणि सैन्याला तशा दारांना हात लावू नये असा हुकूम दिला. बाईने गावात सर्वांना सांगितले, सगळ्यांनी वेल टांगले आणि गाव वाचले. ही कथा इतिहासाचा पुरावा म्हणून उपयोगी नाही, पण विस्थापित समाजाला काय महत्त्वाचे वाटले हे तिच्यातून नेमके कळते : वंश टिकणे, आणि वंश टिकवणारी बाई.

भाषेचा पुरावा वंशावळींपेक्षा भक्कम आहे, आणि मराठी वाचकाला तो समजणे सोपे आहे, कारण घोष, अघोष आणि महाप्राण व्यंजनांतील फरक आपल्या कानांना स्पष्ट कळतो. मध्ययुगीन चिनी भाषेत ग, द, ब अशी घोष व्यंजने होती. हक्का बोलीत ती जवळपास सर्वत्र ख, थ, फ यांसारखी महाप्राण झाली. मँडरिनमध्ये हा बदल काही सुरांच्या, म्हणजे आवाजाच्या ठरावीक चढउताराने बोलल्या जाणाऱ्या, शब्दांपुरताच झाला. ज्यांगशीमधील गान बोलीत मात्र तो हक्काप्रमाणेच सर्वत्र झाला आहे. याचा सरळ अर्थ असा की हक्का बोलीचे जवळचे नाते ज्यांगशीशी आहे, पीत नदीच्या काठाशी नव्हे. हक्का बोलीत शब्दाच्या शेवटी प, त, क टिकून आहेत (‘दहा’ला मँडरिनमध्ये ‘शि’ म्हणतात, तर हक्कात ‘सिप’), यावरून ती शुद्ध प्राचीन उत्तरी बोली असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. पण कँटनी बोलीतही हे सर्व टिकले आहे, त्यामुळे हा युक्तिवाद फार दूर नेता येत नाही. शिवाय या डोंगरांत हक्कांच्या आधीपासून श हे डोंगराळ शेती करणारे लोक राहत होते, आणि आजच्या बहुसंख्य श लोकांची बोली हक्काशी अगदी जवळची आहे. शेकडो वर्षे शेजारी राहून दोन्हींत सोयरीक आणि देवाणघेवाण झाली, हे मान्य केल्याशिवाय हे साम्य समजत नाही. उत्तरेतून काही घराणी नक्कीच आली. पण हक्का समाज जसा आहे तसा उत्तरेतून उचलून दक्षिणेत आणून ठेवलेला नाही. तो ज्यांगशी, फुज्यान आणि ग्वांगदोंग यांच्या सीमेवरील डोंगरांत घडला.

हा डोंगराळ मुलूख हेच हक्कांचे खरे माहेर. उत्तर बाजूला गानजौ, पूर्वेला थिंगजौ, दक्षिणेला मेइजौ. थिंग नदी फुज्यानच्या डोंगरांतून दक्षिणेकडे वाहते, दाबू परगण्यातील सानह बा येथे मेइ नदीला मिळते, आणि दोघी मिळून हान नदी या नावाने छाओजौवरून समुद्राला जातात. तांदूळ, मीठ, लाकूड आणि माणसे याच वाटेने हलत असत. सपाट जमीन थोडी होती, आणि नंतर अमेरिकेतून आलेले रताळे व मका ही पिके उतारांवर येऊ लागल्यावर लोकसंख्या वाढली. तंबाखू, नीळ, चहाच्या बियांचे तेल ही डोंगरी उत्पादने बाजारात विकून कुटुंबे चालत. युंगदिंग परगण्यातील प्रचंड गोल मातीची घरे, म्हणजे ‘थुलौ’, ही या अर्थव्यवस्थेचीच निर्मिती आहे. दरोडेखोर आणि शेजारच्या कुळांशी होणाऱ्या झटापटी यांमुळे बाहेरची भिंत जाड व खालच्या मजल्यांना खिडक्या नसलेली. आत एकाच आडनावाची डझनावारी कुटुंबे. 1709 सालचा छंगछी लौ हा चार वर्तुळांचा थुलौ त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. इतकी मोठी बांधकामे करायला पैसा लागतो, आणि युंगदिंगमध्ये तो मोठ्या प्रमाणात तंबाखूच्या व्यापारातून आला. युनेस्कोने 2008 साली फुज्यानमधील 46 थुलौंना जागतिक वारशाचा दर्जा दिला; त्यांतील सगळेच हक्कांचे नाहीत, काही दक्षिण फुज्यानी लोकांनी बांधलेले आहेत.

याच डोंगरांत हक्का स्त्रियांचे वेगळेपण ठरले. पुरुष व्यापाराला, खाणकामाला किंवा परीक्षा देण्यासाठी बाहेर पडत, आणि शेत, सरपण, ओझी वाहणे हे सारे स्त्रियांकडे असे. त्यामुळे चीनमध्ये इतरत्र प्रतिष्ठेचे मानले गेलेले पाय बांधणे हक्कांमध्ये रुजले नाही. शेजाऱ्यांना ते गावंढळपणाचे लक्षण वाटे. आज हक्का लोक ते अभिमानाने सांगतात.

सतराव्या शतकात डोंगर भरले आणि खाली जागा रिकामी झाली. 1661 साली चिंग दरबाराने किनाऱ्यावरील रहिवाशांना 30 ते 50 ली, म्हणजे साधारण 15 ते 25 किलोमीटर, आत हटण्याचा हुकूम काढला. तैवानमध्ये तळ ठोकलेल्या, मिंग घराण्याशी एकनिष्ठ राहिलेल्या जंग छंगगुंग या सेनानीच्या आरमाराला किनाऱ्यावरून धान्य आणि माणसे मिळू नयेत, हा त्यामागचा हेतू. गावे जाळली गेली, शेते ओसाड पडली, हजारो लोक रस्त्यांवर मेले. ग्वांगदोंगमध्ये 1669 पासून परतण्याची मुभा मिळाली आणि 1683 साली तैवान चिंगांच्या हाती आल्यावर निर्बंध उठले. पण परतणारे फार थोडे होते. सरकारने बाहेरच्या शेतकऱ्यांना ही जमीन कसायला बोलावले, आणि डोंगरांतील हक्का खाली उतरले. हाँगकाँगच्या छुएन वान भागातील साम तुंग उक हे 1786 चे चान कुळाचे तटबंदीचे गाव, आज संग्रहालय झालेले, याच ओघातले. त्याच सुमारास, मिंग राजवट कोसळतानाच्या युद्धांत ओसाड पडलेल्या सिचुआनमध्ये वसाहतीसाठी लोक बोलावले गेले, आणि लुओदाईची ती कुटुंबे तेव्हाच निघाली. काही सामुद्रधुनी ओलांडून तैवानला गेले.

नाव पडण्याची प्रक्रिया येथे खऱ्या अर्थाने सुरू होते. मेइजौच्या डोंगरांत सगळेच एक बोली बोलत होते. तेथे स्वतःला वेगळे नाव देण्याची गरज नव्हती. ग्वांगदोंगमधील पर्ल नदीच्या खोऱ्यात उतरल्यावर मात्र कँटनी बोलणारे जुने रहिवासी समोर होते. ते स्वतःला ‘पुंती’, म्हणजे स्थानिक, म्हणवत, आणि आलेल्यांना ‘हाक का’. जमीन, पाणी, बाजार आणि सरकारी परीक्षेतील जागा यांसाठी स्पर्धा होती. इतिहासकार सौ-थंग लियोंग यांनी दाखवून दिले आहे की हक्का ही ओळख माहेरी नव्हे, तर अशा सीमेवर, संघर्षातून ठळक झाली. सिचुआनमध्ये सगळेच कोठून तरी आलेले होते, त्यामुळे तेथे ‘पाहुणे’ असे वेगळे नाव पडले नाही. मूळ प्रांताचे नाव पुरेसे होते. लुओदाईच्या कोड्याचे उत्तर हेच आहे.

संघर्ष शेवटी युद्धापर्यंत गेला. 1854 साली ग्वांगदोंगमध्ये लाल फेटेवाल्यांचे बंड झाले आणि ते मोडण्यासाठी सरकारने हक्का पथके उभी केली. बंड शमल्यावर जुनी वैरे उफाळली. 1855 ते 1867 या काळात थाइशान, काइफिंग, अंफिंग परिसरात पुंती आणि हक्का यांच्यात गावागावांतून लढाया झाल्या. दोन्ही बाजूंनी कत्तली केल्या, गावे जाळली, आणि कैद्यांना मकावच्या दलालांना विकले, जेथून त्यांना मजूर म्हणून क्यूबा आणि पेरूला पाठवले जाई. 1867 साली सरकारने छीशी नावाचा वेगळा विभाग हक्कांसाठी तोडून दिला आणि अनेकांना इतरत्र हलवले. याच पट्ट्यातील शिनह्वी, थाइशान, काइफिंग आणि अंफिंग या चार परगण्यांना मिळून ‘सी युप’ म्हणतात. मुंबईत माझगावला जे छोटे चिनी मंदिर आहे, ते सी युपच्या लोकांचे, म्हणजे या युद्धातील पुंतींच्या मुलखातून आलेल्यांचे. भारतातील चिनी समाज आपल्याला एकसंध दिसतो, पण त्याच्या आत या जुन्या रेषा आहेत.

त्याच काळात, ग्वांगदोंगमधील ह्वा परगण्यात 1814 साली जन्मलेला होंग शिऊच्वान हा परीक्षेत वारंवार नापास झालेला हक्का शिक्षक, ख्रिस्ती पत्रके वाचून स्वतःला येशूचा धाकटा भाऊ मानू लागला. ग्वांगशीत स्थानिकांशी जमिनीवरून झगडणाऱ्या हक्का शेतकऱ्यांमध्ये त्याला पहिले अनुयायी मिळाले. 1851 साली सुरू झालेल्या त्याच्या ताइफिंग उठावाने 1853 मध्ये नानजिंग घेतले आणि 1864 पर्यंत राखले. त्याच्या सैन्यात न बांधलेल्या पायांच्या स्त्रियांची पथके होती. पराभवानंतर हक्का असणे धोक्याचे झाले आणि परदेशी जाणाऱ्यांची संख्या वाढली.

अपमान तर पुढेही चालूच राहिला. काही स्थानिक इतिहासनोंदींत हक्कांसाठी असलेल्या अक्षराला कुत्र्याचे चिन्ह जोडून लिहिले जाई, जसे ‘रानटी’ टोळ्यांच्या नावांसाठी करत. 1920 साली शांघायमध्ये छापलेल्या भूगोलाच्या एका इंग्रजी पाठ्यपुस्तकात हक्कांची गणना डोंगरांतील मागास जमातींमध्ये केली गेली आणि मोठा निषेध झाला. लुओ श्यांगलिन यांचा 1933 चा ग्रंथ या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. ‘आम्ही रानटी नाही, आम्ही उत्तरेतील राजधान्यांतून आलेल्या कुलीन घराण्यांचे वंशज आहोत’ हे सिद्ध करण्याची त्यांना निकड होती. त्यांच्या निष्कर्षांशी असहमत होतानाही ती निकड मी मोलाची मानतो. ज्यांना माणूस म्हणून कमी लेखले जाते, ते आपला वंश शोधत जाणारच.

समुद्रापारचा प्रवास मात्र युद्धाच्या कितीतरी आधीपासून चालू होता. मेइजौचा लुओ फांगबो पश्चिम बोर्निओत सोन्याच्या खाणींत गेला आणि 1777 साली मांडोर येथे त्याने खाणकामगारांच्या भागीदारी संस्थांना एकत्र करून ‘लानफांग’ ही स्वशासित सत्ता उभी केली; डचांनी ती 1884 साली संपवली. मलायात कथिलाच्या खाणींमागे हक्का गेले, आणि क्वालालंपूरला खाणीच्या वस्तीपासून शहरापर्यंत आणणारा याप आह लोय हा हुइजौचा हक्काच. उत्तर बोर्निओतील साबामध्ये बाझल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या साहाय्याने 1880 च्या दशकात ख्रिस्ती हक्का कुटुंबे कुदात येथे वसली, आणि तेथील चिनी लोकांची समाईक बोली हक्का झाली. मॉरिशसमध्ये मेइजौकडचे दुकानदार गेले, जमैकात दोंगग्वान आणि हुइयांगकडचे. कोण कोठे गेला हे बहुतेक वेळा आधी गेलेल्या मामा-काकांवर अवलंबून असे.

कोलकात्यात आलेल्या चिनी लोकांनीही गावानुसार कामे वाटून घेतली : कँटनी सुतारकामात, हुबे प्रांताचे लोक दातांच्या दवाखान्यांत, आणि हक्का चामड्यात व जोड्यांत. चामडे कमावण्याचे काम करायला इतर फारसे कोणी तयार नव्हते, त्यामुळे शहराच्या पूर्वेकडील टांगरा भागात हक्का टॅनऱ्यांची वसाहत उभी राहिली. 1962 च्या युद्धानंतर भारतातील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. अनेक जण वर्षानुवर्षे तेथे राहिले, त्यांत हक्का कुटुंबेही होती. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टॅनऱ्या हलवण्याचा आदेश दिला. या दोन धक्क्यांनंतर टांगऱ्यातील बरीच कुटुंबे कॅनडातील टोरांटोला गेली. पुण्या-नाशिकच्या हातगाडीवर ‘हक्का नूडल्स’ मागणाऱ्याच्या ओठी जे नाव येते ते या वसाहतीतून आलेले आहे, आणि टोरांटोत ‘हक्का’ अशी पाटी असलेल्या उपाहारगृहात भारतीय पद्धतीचे चिली चिकन मिळते.

तैवानमध्ये आज लोकसंख्येचा साधारण पाचवा हिस्सा हक्का आहे. तेथे हक्काचे अनेक बोलीभेद ऐकू येत असले तरी दोन प्रमुख : ‘सिश्यान’, म्हणजे मेइजौकडील चार परगण्यांची, आणि ‘हाइलू’, म्हणजे हाइफंग आणि लूफंगची. शाळेत मँडरिनची सक्ती असल्याने मुले घरची बोली विसरू लागली होती. ‘पूर्वजांची जमीन विका, पण पूर्वजांची बोली विसरू नका’ ही हक्कांची जुनी म्हण आहे, आणि 28 डिसेंबर 1988 रोजी ‘आमची मातृभाषा परत द्या’ असे म्हणत हजारो लोक ताइपेच्या रस्त्यांवर उतरले. 2001 साली सरकारने हक्का व्यवहारांसाठी मंत्रालयीन दर्जाची परिषद स्थापली, 2003 मध्ये हक्का दूरचित्रवाहिनी सुरू झाली, आणि 2010 च्या हक्का कायद्यात हक्का कोणाला म्हणावे याची व्याख्या आली : जिच्या वंशात किंवा पूर्वपरंपरेत हक्का धागा आहे आणि जी व्यक्ती स्वतःला हक्का मानते, ती.